गोळी तीच, गुण वेगळा: ओपिऑइड वेदनाशामक घेण्याआधी सांगली-मिरजेतल्या रुग्णांनी आणि नातेवाइकांनी काय करावं

मिरजेतल्या हाडांच्या दवाखान्यातून घरी निघालेल्या रुग्णाच्या पिशवीत बऱ्याचदा एक ओळखीची पट्टी असते. ट्रामाडॉल 37.5 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. तासगावकडं द्राक्षबागेत शिडीवरून पडलेला गडी, अथणीहून गुडघा बदलायला आलेली आज्जी, विश्रामबागेतला कंबरदुखीचा बँक कर्मचारी, तिघांना तीच गोळी. एकाला तासाभरात आराम पडतो. आज्जीला इतकी मळमळ आणि गुंगी की मान वर करवत नाही. तिसरा काउंटरवर येऊन सांगतो, "कायबी फरक न्हाई बघा. दुसरं काय असंल तर द्या."

या तिसऱ्या माणसाचे फार हाल होतात. घरचे म्हणतात, सोसायची ताकदच नाही याच्यात. दवाखान्यात कुणाला वाटतं, जास्त गोळ्या मागतोय म्हणजे सवय लागली असणार. औषधाच्या काउंटरमागं उभं राहून मी हे पाहत आलो आहे, आणि माझं म्हणणं सरळ आहे. एकच गोळी दोघांच्या अंगात वेगळी वागते, हा फरक खरा असतो आणि त्यातला काही भाग जन्मापासून जनुकांत असतो. दुखणाऱ्या माणसाचं आधी खरं माना. मग त्याच्या अंगात काय होतंय ते लिहून ठेवा. चाचणीचा विचार त्यानंतर.

आपल्या भागात हे लिहून ठेवणं आणखी गरजेचं आहे. 1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उभं केलं, 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि जत-आटपाडीपासून जमखंडी-विजापूरपर्यंतचा रुग्ण इथं येऊ लागला. तो येतो तेव्हा समोरचे डॉक्टर त्याला पहिल्यांदाच पाहत असतात. मागच्या ऑपरेशनला कोणतं औषध मानवलं नाही, ही माहिती कुठल्या संगणकात नसते. ती रुग्णानंच बरोबर आणायची असते.

पहिली पायरी: पट्टी वाचा

ब्रँडचं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते शोधा. अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामकांना ओपिऑइड म्हणतात. आपल्याकडं त्यातली साधारण ही नावं दिसतात: कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फीन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल ही ओपिऑइड नव्हेत.

आता या यादीत एक रेघ ओढा. एका बाजूला कोडीन आणि ट्रामाडॉल, दुसऱ्या बाजूला बाकी सगळी. पुढं सांगणार असलेलं बरंचसं या रेघेवर उभं आहे.

कोडीन स्वतः वेदना फारशी कमी करत नाही. यकृतातलं सीवायपी2डी6 नावाचं एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं, नेहमीच्या माणसात साधारण 5 ते 10 टक्क्यांचं, मॉर्फीन करतं. आराम पडतो तो त्या मॉर्फीननं. गुऱ्हाळात उसाच्या मोळ्या कितीही आणून टाका, घाणा बंद असेल तर रस निघत नाही. इथं घाणा म्हणजे हे एन्झाइम.

ट्रामाडॉलचंही जवळपास तसंच आहे. सीवायपी2डी6 त्याच्यापासून एक नवा पदार्थ तयार करतं, आणि मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागेला तो पदार्थ मूळ ट्रामाडॉलपेक्षा सुमारे 200 पट घट्ट चिकटतो. मात्र ट्रामाडॉलची आणखी एक बाजू आहे. न बदललेलं ट्रामाडॉल सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवर काम करून थोडा आराम देतं. म्हणून एन्झाइम बंद असलेल्या माणसाला ट्रामाडॉलनं अगदीच गुण येत नाही असं नाही. पण आराम अर्धवट पडतो आणि मळमळ, घाम, चक्कर मात्र होतेच, असं घडू शकतं.

सीवायपी2डी6 बनवण्याची कृती 22 व्या गुणसूत्रावरच्या जनुकात असते. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. या जनुकाचे शंभराहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. काही प्रकार एन्झाइम बनवतच नाहीत, काही कमजोर बनवतात. काही माणसांत चांगल्या प्रतीच दोनपेक्षा जास्त असतात. त्यावरून माणसांचे चार गट पडतात: काम न करणारा, मध्यम, नेहमीचा आणि अतिवेगवान. युरोपीय वंशाच्या लोकांत पहिला गट शंभरात 5 ते 10 असतो, भारतीयांत त्याहून कमी. अतिवेगवान गट इथिओपिया आणि अरबस्तानाच्या पट्ट्यात बराच आढळतो. म्हणजे तुमच्या घरात असा माणूस असण्याची शक्यता कमी आहे, पण मिरजेत रोज जेवढे रुग्ण येतात त्यांत असे काही नक्कीच असतात.

रेघेच्या दुसऱ्या बाजूची औषधं या एन्झाइमच्या भरवशावर नाहीत. मॉर्फीन थेट काम करतं. टॅपेंटाडॉल मुख्यतः वेगळ्या वाटेनं शरीराबाहेर जातं. फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन यांना सीवायपी3ए4 नावाचं दुसरं एन्झाइम मोडतं. कोडीन किंवा ट्रामाडॉल लागू पडलं नाही म्हणून मॉर्फीनही लागू पडणार नाही, असं म्हणून निराश होऊ नका.

दुसरी पायरी: एक वही करा

शाळेची चाळीस पानी वही पुरे. गोळी घेतल्याची वेळ, घेण्याआधी दुखणं शून्य ते दहामध्ये किती, तासाभरानं किती, आणि सोबत काय झालं: झोप, मळमळ, उलटी, खाज, चक्कर, शौचाला न होणं. दोन-तीन दिवसांत चित्र दिसायला लागतं.

डॉक्टरांना या वहीत दोन गोष्टी लगेच कळतात. गोळीनं आराम नाही आणि गुंगीही नाही, म्हणजे कदाचित औषध तयारच होत नाही. उलट एकाच गोळीनं माणूस बोलता-बोलता झोपतोय, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली आहे, श्वास संथ झाला आहे, म्हणजे अंगात औषध जास्त होतंय. दोन्ही गोष्टी तोंडानं सांगताना "गोळी मानवत नाही" एवढंच म्हटलं जातं. डॉक्टरांनी त्यावर करायचं मात्र अगदी उलट असतं. म्हणून हे लिहाच.

शेवटच्या पानावर घरातल्यांची नोंद ठेवा. आईला खोकल्याच्या कोडीनच्या औषधानं कधी गुंगी आली होती का? थोरल्या भावाला हर्नियाच्या किंवा बहिणीला सिझेरियनच्या ऑपरेशननंतर वेदनेची गोळी मानवली नव्हती का? वहिनीचं रक्ताचं नातं नाही, तिची नोंद तिच्या मुलांच्या उपयोगाची. रक्ताच्या नात्यातली अशी एक आठवणही उपयोगी पडते.

अजून एक. आराम पडला नाही म्हणून स्वतःच्या मनानं गोळ्या वाढवू नका. ट्रामाडॉल वाढलं की काहींना फिट येते, आणि त्या गोळीत पॅरासिटामॉल असेल तर यकृतावरही भार पडतो.

तिसरी पायरी: घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

माझ्या मते ही सगळ्यात मोठी पायरी आहे, आणि हिला एक पैसाही लागत नाही. जनुकं चांगली असली तरी दुसरं औषध सीवायपी2डी6 अडवून ठेवू शकतं. मग चांगल्या जनुकांचा माणूसही काम न करणाऱ्या गटातल्यासारखा वागतो. जनुकांचा अहवाल नॉर्मल आणि आराम मात्र शून्य, हे कोडं बऱ्याचदा इथं सुटतं.

नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्या हे एन्झाइम जोरात अडवतात. नसांच्या दुखण्यावर आणि नैराश्यावर दिलं जाणारं ड्युलोक्सेटिन मध्यम अडवतं. त्यातही फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन किंवा ड्युलोक्सेटिनसोबत ट्रामाडॉल घेतलं तर सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, घाम, घाबरेपणा आणि फिट अशा गंभीर गोष्टी होऊ शकतात. त्यामुळं मानसोपचाराच्या गोळ्या लपवू नका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि लपवलं तर त्रास रुग्णालाच होतो. त्या गोळ्या अचानक बंदही करायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगितलं की ते वेदनेचं औषध बदलतात.

आणखी एक नाव फार कमी जणांच्या लक्षात येतं: टर्बिनाफिन. गजकर्णावरची ही गोळी आपल्याकडं सर्रास घेतली जाते, उन्हाळ्या-पावसाळ्यात तर घरटी एक पट्टी सापडेल. ती पोटात घेतली की सीवायपी2डी6 अडवते, आणि गोळ्या संपल्यावरही काही आठवडे तो परिणाम राहतो. मलमानं तसं होत नाही. ऑपरेशनच्या महिना-दोन महिने आधी गजकर्णाच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेवढं सांगा.

टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट वागतं. ते यकृतातली बाकीची एन्झाइमं, विशेषतः सीवायपी3ए4, वाढवतं. फेंटानिल लवकर मोडून जातं, मॉर्फीनचाही परिणाम कमी होतो. सीवायपी2डी6 मात्र त्यानं फारसं वाढत नाही.

दारू, झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, हे सगळं टेबलावर मांडा. ओपिऑइडसोबत ही औषधं श्वास मंदावतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॉर्फीनपासून बनणारे पदार्थ शरीरात साठतात, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा अहवाल जवळ ठेवा.

चौथी पायरी: ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना सांगा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी भूलतज्ज्ञ येऊन चार प्रश्न विचारतात. रुग्ण घाबरलेला असतो आणि "सगळं बरं आहे" म्हणून मोकळा होतो. तसं करू नका. वही उघडून द्या. कोणतं औषध लागू पडलं नाही, कोणत्यानं गुंगी किंवा उलट्या जास्त झाल्या, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे तिथंच सांगायचं असतं.

उलट्यांचाही जनुकांशी संबंध आहे. उलटीवर दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉन हे औषध सीवायपी2डी6 मोडून टाकतं. अतिवेगवान गटातल्या माणसात ते लवकर संपतं आणि उलट्या थांबत नाहीत. अशा वेळी ग्रॅनिसेट्रॉनसारखं या एन्झाइमवर अवलंबून नसलेलं औषध निवडता येतं.

लहान मुलांच्या बाबतीत मी जरा जोर देऊन सांगतो. टॉन्सिल काढल्यावर कोडीन दिलेल्या काही मुलांचा श्वास थांबून मृत्यू झाला, आणि त्यातली काही मुलं अतिवेगवान गटातली निघाली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, 2013 मध्ये टॉन्सिल-अॅडिनॉइडच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला. 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना वेदनेसाठी कोडीन आणि ट्रामाडॉल दोन्ही वर्ज्य ठरवली, आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं ही औषधं घेऊ नयेत असं सांगितलं. आईच्या अंगात तयार झालेलं मॉर्फीन दुधातून बाळाला जातं. मोठ्या माणसाच्या खोकल्याच्या कोडीनच्या बाटलीतलं अर्धा चमचा लेकराला पाजणं, हे आजही काही घरांत होतं. ते कृपा करून थांबवा.

पाचवी पायरी: चाचणी करायची का, ते ठरवा

चार दिवसांच्या दुखण्यासाठी कुणी जनुकांची चाचणी करू नये. औषध बदललं की काम भागतं. पण लागोपाठ दोन औषधं वाया गेली, थोड्या मात्रेनं धोकादायक गुंगी आली, महिनोन्महिने वेदनेचं औषध लागणार आहे, किंवा नैराश्याच्या गोळ्यांचाही त्रास होतोय, अशा वेळी डॉक्टरांशी चाचणीबद्दल बोलायला हरकत नाही. अमिट्रिप्टिलिनसारखी नसांच्या दुखण्यावरची गोळीही याच एन्झाइमवर अवलंबून असते, त्यामुळं एकच अहवाल दोन-तीन ठिकाणी कामाला येतो.

चाचणीला थोडं रक्त किंवा गालाच्या आतल्या बाजूचा बोळा लागतो. उपाशी राहावं लागत नाही. आपल्या नेहमीच्या लॅबमधून नमुना सहसा मोठ्या शहरात पाठवला जातो. पैसे भरण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: सीवायपी2डी6 च्या प्रती मोजता का? फक्त चार-पाच प्रकार तपासून प्रती मोजल्या नाहीत, तर जनुक पूर्ण गायब असलेला प्रकार आणि जास्त प्रती असलेला अतिवेगवान माणूस, दोन्ही निसटू शकतात.

अहवालात तारांकनं असतात. *1 म्हणजे नेहमीचं काम, गुण 1. *4 म्हणजे काम नाही, गुण 0. *5 म्हणजे जनुकच नाही, तेही 0. पूर्व आशियात फार आढळणारा *10 कमजोर, गुण 0.25. असतील तेवढ्या सगळ्या प्रतींचे गुण मिळवायचे. बेरीज 0 आली तर काम न करणारा गट, 0 च्या वर पण 1.25 पेक्षा कमी तर मध्यम, 1.25 ते 2.25 नेहमीचा, 2.25 च्या वर अतिवेगवान. *1/*4 म्हणजे बेरीज 1, मध्यम. *4/*4 म्हणजे 0.

सीपीआयसी या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा सल्ला साधा आहे. पहिल्या आणि शेवटच्या गटानं कोडीन आणि ट्रामाडॉल दोन्ही टाळावीत: एकाला उपयोग नाही, दुसऱ्याला धोका. मध्यम गटानं नेहमीची मात्रा घेऊन पाहावी, गुण नाही आला तर औषध बदलावं.

अहवालात ओपीआरएम1 आणि सीओएमटी ही जनुकंही दिसतील. ओपीआरएम1 मध्ये मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागेची कृती असते, आणि त्याचा एक प्रकार आशियात युरोपपेक्षा बराच जास्त आढळतो. तो असलेल्यांना मॉर्फीन किंचित जास्त लागतं असं काही अभ्यासांत दिसलं, पण परिणाम इतका लहान की त्यावरून मात्रा ठरवू नये, असं सीपीआयसीनंच म्हटलं आहे. त्या पानावरचे लाल-हिरवे रंग पाहून घाबरू नका. व्यसनाचा धोका सांगणाऱ्या चाचण्यांवर तर मी पैसे घालू नका असंच सांगेन. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये अशा एका चाचणीला परवानगी मिळाली आणि जनुकतज्ज्ञांनी तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले.

ओपिऑइड नसलेल्या दोन प्रकारच्या औषधांचा उल्लेख इथंच करतो. चेहऱ्याच्या नसेच्या जीवघेण्या कळेवर कार्बामाझेपिन देतात. एचएलए-बी*15:02 हा प्रकार असलेल्यांना त्यानं अंगाची सालटं निघणारी भयंकर प्रतिक्रिया होऊ शकते, आणि हा प्रकार आशियात जास्त आहे. गोळी सुरू करण्याआधी चाचणीबद्दल विचारा, आणि पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसरं म्हणजे आयब्युप्रोफेन, सेलेकॉक्सिब, मेलॉक्सिकॅम. यांना सीवायपी2सी9 मोडतं, आणि ज्याचं ते मंद आहे त्याच्या अंगात औषध जास्त वेळ राहतं. अशांना कमी मात्रा लागते.

कर्करोगाचं दुखणं असेल तर

इथं जनुकांचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नसतं. मॉर्फीन थोड्या मात्रेनं सुरू करून, दुखणं पाहत-पाहत वाढवत नेतात, आणि ती वाढवण्याची रीतच त्या माणसाला साजेशी मात्रा शोधून देते. जनुकांमुळं एकाला जास्त लागलं, एकाला कमी, तरी हिशोब त्याच्या वेदनेवरून होतो. "मॉर्फीन म्हणजे आता संपलं" हा समज सोडून द्या. बद्धकोष्ठतेचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून मागून घ्या, कारण शरीराला गुंगीची सवय होते, शौचाच्या त्रासाची होत नाही.

मॉर्फीन गावातल्या दुकानात मिळत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. अमली पदार्थांवरच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली, आणि मॉर्फीन, फेंटानिल, कोडीन यांच्यासह सहा औषधं अत्यावश्यक ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून ती देण्याची वाट सोपी केली. शासकीय रुग्णालयात किंवा कर्करोग रुग्णालयात वेदनोपचाराची ओपीडी कुठं आहे ते विचारा. ट्रामाडॉलही 2018 पासून याच कायद्याखाली आहे. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहावं लागतं. तो नाव विचारतो ते यासाठी.

तातडीची खूण

गोळी घेतल्यावर माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास मिनिटाला 10 च्या खाली गेला आहे, ओठ निळसर दिसताहेत: 108 ला फोन करा, त्याला कुशीवर वळवा, पट्टी सोबत घ्या. नालॉक्सोन हे उतारा-औषध रुग्णालयात असतं. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

अहवाल आला, आता पुढं

जनुकं बदलत नाहीत, म्हणून ही चाचणी आयुष्यात एकदाच. अहवालाच्या झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. सख्ख्या भावंडांना सांगा, कारण आई-वडिलांच्या त्याच दोन प्रती मिळण्याची शक्यता प्रत्येक भावंडाला चारात एक असते. मग एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि इंग्रजीत चार ओळी लिहून आधार कार्डाच्या मागं ठेवा. मजकूर असा असू द्या: "सीवायपी2डी6 काम करत नाही, *4/*4. कोडीन आणि ट्रामाडॉलनं आराम पडत नाही. मॉर्फीन चालतं. सध्याच्या गोळ्या: ..." शेवटची ओळ पेन्सिलनं लिहा, ती दर काही महिन्यांनी बदलावी लागेल.